जावईबापूंच्या एकशे बारा कांड्या

३ तारीख, मंगळवार

धाकटे, ही वही माझ्या बहिणीसाठी, म्हणजे तुझ्यासाठी आहे हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर चौथ्या पानावर तू विसरशील आणि "कुणाची गं ही वही?" म्हणून शेजारीपाजारी विचारत सुटशील. गेल्या वर्षी तू संत्र्याचा मुरंबा पाठवलास आणि साखर घालायची विसरलीस. वर चिठ्ठीत विचारलंस, "गोड झालाय ना?" आम्ही सगळ्यांनी तोंडं वाकडी करत बरणी संपवली. तेव्हा नीट ऐक, मी परत सांगणार नाही.

लिहिणारी बाई म्हणजे आमच्या भिंतीपलीकडची टायपिस्टबाई. तिने तीस वर्षं कोर्टात लोकांच्या साक्षी उतरवून घेतल्या. कानावर पडेल ते लिहायचं, पदरचं घालायचं नाही, बाहेर कुठे बोलायचं नाही, ही तिची शपथ. ती तिच्या अंगणात खुर्ची टाकून बसते, मी माझ्या बाजूला उलट्या बादलीवर. मधे कमरेएवढी भिंत. बाई इतकी इमानी की मी खोकले तरी लिहिते. (आजी खोकतात.) बघ.

आता खरं सांगते. मला भीती वाटतेय. घरात हे बोलायची सोय नाही, कारण सगळे माझ्याकडे बघून धीर धरतात. म्हणून भिंतीला सांगतेय.

ओढ्यापलीकडे जनावरांचा रोग आलाय. तोंडातून लाळ, खुरांत जखमा, आणि चार दिवसांत गोठा आडवा. पण रोगापेक्षा मला नकाशाची भीती. पशुखात्याचा इन्स्पेक्टर जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरतो आणि त्यावर पेन्सिलीने गोल काढतो. गोलाच्या आत जे जनावर असेल ते मारून टाकतात, आजारी असो नाहीतर धडधाकट. आमचं घर गोलापासून एक बोट बाहेर आहे. मी माझं बोट ठेवून पाहिलं. इन्स्पेक्टर म्हणाला, "आजी, बोट काढा." बोट काढलं, पण तेवढं अंतर डोळ्यांपुढून जात नाही.

आमच्या गोठ्यात अकरा गाई आणि एक वळू. वळूला आम्ही जावईबापू म्हणतो. चार वेळा पुढे पुढे केल्याशिवाय दाराबाहेर येत नाही आणि आला की आधी खायला मागतो. सोळा वर्षांचा आहे. त्याच्या पणजीच्या दुधावर मी दोन पोरं वाढवली, तुझे भावजी गेल्यावर. तू ते विसरली असशील, मी नाही. तिच्या वंशाचा दुसरा वळू कुठेच उरलेला नाही.

५ तारीख, गुरुवार

तुला नातीचं काम समजावून सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. जनावरांची डॉक्टर आहे ती. गोठ्यामागच्या खोलीत वळूचं वीर्य गोठवून ठेवते, बारीक काडीसारख्या कांड्यांत. एक कांडी म्हणजे एका गाईला एक वासरू होण्याची आशा. मोठ्या टाकीत बर्फाहून थंड पातळ नायट्रोजन असतो, त्यात कांडी वीस-तीस वर्षंही टिकते. इतकी वर्षं मी तरी टिकेन का, विचारू नकोस.

आजवर जावईबापू जातीने हजर होते, म्हणून त्यांच्या कांड्या कुणी केल्या नाहीत. आता घाई झालीय. वळू गेला, गाई गेल्या, तरी टाकीत वंश राहील. दुसरी गाय आणता येईल, तिच्या पोटी आमची वासरं येतील.

पण नुसतं गोठवून चालत नाही. ती म्हणते, "आजी, त्या जिवांच्या आत पाणी असतं. गोठताना त्याच्या सुया होतात आणि आतूनच त्यांना फाडतात." हे ऐकल्यापासून माझ्याच अंगात सुया टोचतात. सुया होऊ नयेत म्हणून ती ग्लिसरीन घालते, शंभराला सात भाग. पण ग्लिसरीन जरा जास्त पडलं, किंवा गरम असताना पडलं, तर तेच विष. म्हणजे तारणारा आणि मारणारा एकाच बाटलीत. शिवाय गारठ्याचा पहिला फटका बसू नये म्हणून साखर आणि अंड्याचा बलक.

बलक हे माझं खातं. अंडं फोडायचं, पांढरं जाऊ द्यायचं, मग बलक टिपकागदावर हळूच लोळवायचा. उरलंसुरलं पांढरं कागदाला चिकटतं. मग आवरणाला टोचून आतलं सोनं नळीत सोडायचं. नातीच्या हातून तीनातले दोन फुटतात, माझ्या हातून एकही नाही. आणि अंडी माझ्याच कोंबड्यांची, असा माझा तोरा.

आता खोलीत काम करणारी बाई येऊ शकत नाही, कालपासून ओढ्यावरचा रस्ता बंद आहे. काचेची भांडी धुणं माझ्याकडे आलं. नातीने बजावलं, साबण नको, आधी गरम पाणी, मग बाटलीतलं शुद्ध पाणी तीन वेळा, मग भट्टीत वाळवायचं. मी तसंच करते. फक्त शेवटच्या पाण्यात फाटकाजवळच्या कॅनमधलं जंतुनाशक झाकणभर टाकते. नातीला सांगितलं नाही, ती उगाच वाद घालते. रोग काय दारातूनच येतो? भांड्यातूनही येईल. मी असेपर्यंत तरी येऊ देणार नाही.

६ तारीख, शुक्रवार

सगळे मेले.

काल सकाळी जावईबापूंनी लाकडी गाईवर कृपा केली. (वीर्य काढायला ठेवलेल्या त्या सांगाड्याला त्यांनी तीनदा हुंगलं, दोनदा मान फिरवली, मग झाले तयार. पुरुषजात.) नातीने मिश्रण केलं, चार तास गार पेटीत ठेवलं, कांड्या भरल्या, नायट्रोजनच्या वाफेवर आडव्या ठेवल्या, मग बुडवल्या. आज एक कांडी अर्धं मिनिट कोमट पाण्यात धरून तिने दुर्बिणीखाली पाहिली. मग दुसरी. मग तिसरी. कुणी हलत नव्हतं.

"गेल्या महिन्यात गावातल्या तरण्या वळूचे निम्म्याहून जास्त जगले होते," ती म्हणाली, "याच बाटलीतलं ग्लिसरीन."

तिचे डोळे लाल झाले होते. त्या नायट्रोजनच्या वाफेने होत असतील. मी म्हटलं, पाण्याचा हबका मार.

९ तारीख, सोमवार

टायपिस्टबाई, दार लावून घ्या. दार नाही? बरं, मग हळू लिहा.

धाकटे, मी एक पाप केलंय. माझ्या कोंबड्यांनी दहा दिवसांपासून अंडी देणं बंद केलंय. रोगाच्या धसक्याने मी त्यांना खुराड्यात कोंडून ठेवलं, खिडकीवर गोणपाट बांधलं. त्या रुसल्या. आता नातीला कसं सांगू? इतकी वर्षं मिरवलं, "दुकानातल्या अंड्यात काय दम असतो?" म्हणून. तर मी दुकानदाराकडून गुपचूप अंडी मागवते. सकाळी तो फाटकाला पिशवी लावून जातो. मी ती खुराड्यातल्या टोपलीत ठेवते, वर थोडा पेंढा, एखादं पीस. सूनबाई सकाळी नेते.

सूनबाईच्या लक्षात येण्याची भीती नाही. तिच्या नाकासमोरून हत्ती गेला तरी ती म्हणेल, वारा सुटलाय. हे लिहिलंत? लिहा. खरंच आहे.

दुकानातल्या अंड्यांवर फिकट लाल ठिपक्यांची नक्षी असते. पदराने पुसली, जात नाही. कोंबडीची जातच तशी असेल.

आजचा दुसरा घाणाही गेला. चार तास गार पेटीत ठेवले तेवढ्यातच निम्मे थकले, गोठवून काढले तर सगळे थंड. नातीने ग्लिसरीन पाच भाग केलं होतं. ती कागदावर आकडे लिहिते, खोडते, परत लिहिते. मी समोर बसून वाटाणे सोलत होते. प्रत्येक दाणा उडून भांड्यात पडला की मला वाटे, हे मी केलं, माझ्या शिळ्या अंड्यांनी केलं.

सांगणार होते. तोंडापर्यंत आलं. मग तीच म्हणाली, "आजी, तुझा एकटीचा तरी भरवसा आहे बघ." आता सांग, कसं बोलू?

१२ तारीख, गुरुवार

तिसराही गेला. या वेळी ग्लिसरीन दोन हप्त्यांत, थंडगार करून घातलं होतं. शिवाय बलक जास्त. मी एकेक बलक नुकत्याच जन्मलेल्या पोरासारखा हाताळला. आणि भांडी दोनदा धुतली, शेवटच्या पाण्यात दोन झाकणं टाकली. काही म्हणता काही उपयोग नाही.

जावईबापू थकलेत. उठताना गुडघे थरथरतात. नात म्हणते, आता चार-पाच दिवस विश्रांती द्यायला हवी, मग एकदाच. एकदाच म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

पहाट होताच मी गोठ्यात जाते आणि अकराही तोंडं उघडून बघते. जिभेवर फोड नाही ना, हिरडी लाल नाही ना. गाईंना वाटतं म्हातारी गूळ शोधतेय. हात धुते, परत धुते. कातडी सोलून निघालीय. सूनबाईने न विचारता खोबरेल आणून ठेवलं. मी म्हटलं, "हे कशाला?" ती म्हणाली, "वारा सुटलाय."

कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं.

१५ तारीख, रविवार

गोल मोठा झाला.

इन्स्पेक्टर फाटकाबाहेरूनच बोलला. चांगला माणूस आहे, बोलताना टोपी हातात घेतो, त्यामुळे जास्त भीती वाटते. "आजी, शुक्रवारी सकाळी येऊ. वळूच्या रक्ताचा अहवाल स्वच्छ आहे, म्हणजे आधी काढलेल्या कांड्या तुम्ही ठेवू शकता."

नात म्हणाली, "ठेवायला आहेत कुठे?"

तो टोपीची कड फिरवत उभा राहिला. मग गेला.

गोठवून तपासायला एक दिवस हवा, म्हणजे बुधवार. बुधवारी जावईबापू शेवटचं देतील. ते जगलं तर वंश, नाही तर नाही. दुपारी पाणीसुद्धा उतरलं नाही. टायपिस्टबाईंनी भिंतीवरून पेज दिली. पिऊन टाकली. चव? आठवत नाही. झाले मी तुझ्यासारखी.

१६ तारीख, सोमवार

आज सांगितलं.

नात नोंदवही पुढ्यात घेऊन बसली होती. स्वतःशीच म्हणत होती, "गेल्या महिन्यात आणि आत्ता, बदललं काय? काहीतरी बदललंय." मला राहवेना. मी म्हटलं, "अंडी. अंडी बदललीत. माझ्या कोंबड्या रुसल्यात, ही दुकानातली आहेत. मार मला."

ती हसली, धाकटे! दहा दिवसांत पहिल्यांदा. "आजी, त्यावर तारीख छापलेली असते. पहिल्याच दिवशी पाहिली मी."

"ती नक्षी?"

"नक्षी नाही, शिक्का. ताजी होती म्हणून घेतली. नसती तर सांगितलं नसतं का तुला?"

आतून सूनबाई म्हणाली, "आणि पिसं तेवढी रोज एकच लावू नका, आई. तेच पीस चार दिवस बघतेय मी."

दोघींना माहीत होतं! मी चोरासारखी पेंढा पसरत होते आणि दोघी गप्प. मला राग यायला हवा होता. आलाही, थोडा. पण लगेच त्याच्यामागून भीती आली, आधीपेक्षा मोठी. अंडी नव्हेत, तर मग काय? इतके दिवस निदान मारेकरी माझ्या ओळखीचा होता.

१७ तारीख, मंगळवार

हे नीट लिहा, बाई. तुम्ही स्वतः यात आहात, तरी लिहा.

आज सकाळी मी भिंतीपाशी गेले आणि म्हटलं, "मला माझी वही वाचून दाखवा. पहिल्यापासून. नोंदवहीत नातीने केलेलं आहे, मी केलेलं तुमच्याकडे आहे." टायपिस्टबाईंनी चष्मा पुसला आणि कोर्टात वाचतात तसं वाचायला लागल्या, ना चढ ना उतार. मुरंबा वाचला, नकाशा वाचला, सुया वाचल्या. मग पाच तारखेच्या पानावर एका ओळीशी थांबल्या. ही बाई मी खोकले तरी थांबत नाही.

"आजी," त्या म्हणाल्या, "हे वाक्य परत वाचू?"

वाचलं. शेवटच्या पाण्यात झाकणभर.

मी बादलीवरून उठले ते आठवतं. मग खोलीच्या दारात होते. नात हातमोजे घालून उभी होती, सूनबाई रिकाम्या कांड्या मोजत होती. मी वही पुढे केली. पण पान कुठलं, हे मला कुठे कळतंय? म्हणून सूनबाईने पहिल्यापासून वाचायला घेतलं, मोठ्याने.

तुझा साखर नसलेला मुरंबा दोघींनी ऐकला. भीती ऐकली. मी मान खाली घालून उभी. झाकणभर आलं तेव्हा नातीने डोळे मिटले. "किती भांडी, आजी?" मला आठवेना. "वाच, आई, पुढे वाच, पुढच्या दिवशीचं काय ते." आणि सूनबाई वाचत गेली. नाकासमोरून हत्ती गेला, वारा सुटलाय. आवाज जराही न बदलता, जसा तांदळाचा भाव वाचावा. मग बारा तारखेची दोन झाकणं.

नात म्हणाली, "जे जंतू मारतं ते यांनाही मारतं, आजी. एक थेंब राहिला तरी." तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं. "आणि मी ग्लिसरीनला शिव्या घालत होते."

मी म्हटलं, "मी त्यांना वाचवायला टाकत होते गं."

"माहितेय."

माझ्या भीतीनेच मारले, धाकटे. तीन घाणे. जावईबापूंच्या थरथरत्या गुडघ्यांवरचे तीन घाणे.

नंतर तिने जुनी भांडी बाजूला काढली, कपाटातून कोरी काढली. आणि ती माझ्या हातात दिली. "धू," म्हणाली.

मी म्हटलं, "मी?"

"मग कोण? माझ्या हातून फुटतात."

१८ तारीख, बुधवार

भांडी धुतली. गरम पाणी. मग शुद्ध पाणी, तीनदा. सूनबाई शेजारी उभी राहून मोजत होती, "एक. दोन. तीन." तीननंतर माझा हात आपोआप झाकणाकडे गेला. कॅन तिथे नव्हताच, पण हात गेला. सूनबाईने तो धरला आणि तसाच धरून ठेवला, भांडी भट्टीत जाईपर्यंत. हात ओले होते दोघींचे.

बलक सहा काढले. शिक्क्याच्या अंड्यांचे. एकही फुटला नाही.

जावईबापू लाकडी गाईपाशी आले, हुंगलं, आणि या वेळी मान फिरवली नाही. ग्लिसरीन सात भाग, थंड, हळूहळू. दुपारभर गार पेटीसमोर आम्ही तिघी बसलो होतो, जशा प्रसूतीगृहाबाहेर बसतात. पेटीचा आवाज बंद झाला की माझा श्वास बंद व्हायचा. मग तो परत घुर्र करायचा, मग मीही.

एकशे बारा कांड्या झाल्या. वाफेवर आडव्या पडल्या, मग बुडल्या, टाकीतून पांढरा धूर आला. आता उद्यापर्यंत काही कळणार नाही. बाई, आज एवढंच. दमले मी, आणि लिहिताय तुम्ही.

१९ तारीख, गुरुवार

नातीने कांडी काढली. अर्धं मिनिट कोमट पाण्यात. तीस मोजले आम्ही, मी अठ्ठावीसवर चुकले. काचेवर थेंब ठेवला, दुर्बिणीवर वाकली. वाकलेलीच राहिली. मी म्हटलं, "मेले ना? सांग. मेलेच ना?"

ती बाजूला झाली. "बघ."

मला काय कळणार, मी म्हटलं. तरी डोळा लावला. आधी माझ्याच पापणीचे केस दिसले. मग उजेड. मग त्या उजेडात, शाळा सुटल्यावर पोरं पळतात तशी ही झुंबड! कुणी सरळ, कुणी तिरपं, कुणी दुसऱ्याला ढकलत. सगळेच पळत नव्हते, बरेच पडलेलेही होते. नात म्हणाली, निम्मे उठलेत, निम्मे पुष्कळ झाले.

त्यांच्यातला एकही उद्याचं काही जाणत नव्हता. मी दुर्बिणीवरून उठले नाही, कारण उठले असते तर दोघींना माझं तोंड दिसलं असतं.

मग गोठ्यात गेले. जावईबापूंना गूळ दिला. एवढा मोठा खडा की सूनबाई एरवी ओरडली असती. तीच घेऊन आली होती.

२१ तारीख, शनिवार

ते काल येऊन गेले. वीस मिनिटं लागली. इन्स्पेक्टरने पूर्ण वेळ टोपी हातात धरली होती. जावईबापू फाटकापर्यंत स्वतः चालत गेले, लाकडी गाईपाशी थांबले, तिला एकदा हुंगलं. मग पुढे. गाईंचं मी बघितलं नाही. गोठा धुतला, जंतुनाशकाने, त्यांच्याच माणसांनी. तो वास अजून घरभर आहे.

आता भीती संपली असं समजू नकोस. ती फक्त खोलीत राहायला गेलीय. टाकीतला नायट्रोजन हळूहळू उडतो. संपला तर एका दुपारीत एकशे अकरा कांड्या जातील. (एक आम्ही बघायला काढली, तू मोजत बसशील म्हणून सांगते.) म्हणून रोज सकाळी मी लाकडाची काठी टाकीत सोडते, मोजून वर काढते. जिथवर नायट्रोजन, तिथवर काठीवर पांढरं बर्फ धरतं. नातीने काठीवर एक खाच केलीय. बर्फ खाचेच्या वर असेल तर ठीक, खाली गेलं तर तिला हाक मारायची. एवढं मला वाचता येतं. आज चार बोटं वर होतं. दुपारी परत पाहिलं. तेवढंच होतं. ती म्हणते, सारखं झाकण उघडू नकोस, त्यानेच उडेल. म्हणून आता दिवसातून एकदाच बघते आणि उरलेला वेळ झाकणाकडे बघत बसते.

कोंबड्यांच्या खिडकीवरचं गोणपाट काढलं. आज एक अंडं मिळालं. त्यावर नक्षी नव्हती.

वही संपतेय, टपाल सोमवारी सुरू होईल. वाचून झाली की परत पाठव, मी काय काय केलं ते शोधायला इथे लागेल, सूनबाईने सांगितलंय. आणि मुरंबा पाठव, संत्र्याचाच. दोन बरण्या, एक भिंतीपलीकडे द्यायचीय. बरण्या नुसत्या उकळत्या पाण्याने धू, दुसरं काही म्हणजे काही घालू नकोस. आणि या वेळी, धाकटे, साखर घाल.